दसरूकाकांच्या तीन टोपल्या

घराण्यातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या माझ्यासारख्या मुलाने कोणावर लिहावं, हा आगाऊपणाच. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण दसरूकाकांवर लिहिणारं दुसरं कोणी नाही... आणि त्यांची माफी मागायची राहून गेली आहे.

काका आमचे शेजारी. नवेगाव बांधच्या तलावात मासे धरायचे आणि हिवाळ्यात पक्षी बघायला आलेल्या पाहुण्यांना डोंग्यातून फिरवायचे. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी सगळी पाहुण्यांकडून ऐकलेली. बारावीत मी इंग्रजीच्या भीतीने रडवेला झालो, तेव्हा काठावर मासे निवडता निवडता म्हणाले, "बाबू, इंग्रजीबी अशीच निवडाची." एका टोपलीत जोडीने फिरणारे शब्द : चहा 'स्ट्राँग', पाऊस 'हेवी'. ती जोडी मोडायची नाही. दुसरीतले अख्खेच घ्यायचे; 'कॉल इट अ डे' म्हणजे आजचं काम बंद. "कापून पाहशील तं आत काही नाही भेटत." तिसरीतले वेळेवर द्यायचे, भेटल्यावर 'हाऊ डू यू डू'. "याचा अर्थ कायले शोधतं? देनाऱ्याचं मन घे."

"आणि कोणी मेलं तर काय म्हणतात?"

काका हसले. "ते नाही शिकलो. पाहुने पक्षी पाहाले येतात, मराले थोडेच!"

मी पास झालो, गोंदियाला इंग्रजी घेऊन शिकू लागलो. दिवाळीच्या सुटीत त्यांच्या डोंग्यात बसलो होतो. काकांनी पाहुण्यांना हात जोडून 'हाऊ डू यू डू' म्हटलं आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "काका, असं आता कोणी बोलत नाही." पाहुणे हसले. काकाही थोडे हसले, मग डोंगा वल्हवू लागले. डोंगा बांधताना म्हणाले, "बरं केलं सांगितलं. नवीन काय म्हनतात, लिहून दे."

मी दिलं नाही. पुढच्या सुटीत माफी मागू, तेव्हाच देऊ, असं म्हणत राहिलो...

परीक्षा संपली त्या दुपारी होस्टेलवर भावाचा फोन आला. "दसरूकाका गेले. चार दिवस झाले. तुये पेपर होते म्हून सांगितलं नाही."

माझा चेहरा पाहून खोलीतल्या मित्राने खांद्यावर हात ठेवला. "सॉरी फॉर युअर लॉस." काकांकडे नसलेलं ते वाक्य मी अर्थ न शोधता घेतलं.

भाऊ फोनवर सांगतच होता. "दिवाळीपासून पाहुन्याइले नुसते हात जोडत. काऊन म्हटलं, तं म्हनत, 'बाबू नवीन लिहून देनार हाय.'"