जागेवर पोच

आमच्या धाकट्या जावेला सगळा दवाखाना अटबाई म्हणतो. तोंडावर म्हणतो, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. खरेदी विभागात ती कंत्राटं लिहिते. सुईपासून रुग्णवाहिकेपर्यंत दवाखान्यात जे जे येतं, त्याच्या कागदावरच्या अटी हिच्या. मी त्याच दवाखान्यात तळघरात, कपडे धुण्याच्या विभागात. घरी आम्ही एकाच स्वयंपाकघरात वावरतो, एकाच सासूबाईंची बोलणी खातो, आणि कामावर मात्र ती वर आणि मी खाली. थोरली मी असून!

'खरेदीचं धोरण' नावाचं एक जाडजूड पुस्तक साहेबांच्या कपाटात आहे. कोणी उघडलं असेल तर शपथ. खरं धोरण विचाराल तर ते हिच्या कंत्राटांत आहे, आणि त्यातली एकेक अट कुठल्या ना कुठल्या फजितीतून आलेली. एकदा रबरी हातमोजे आले, सगळा गठ्ठा डाव्या हाताचा. पुरवठादार म्हणाला, "संख्या बरोबर आहे, मोजून घ्या." तेव्हापासून कंत्राटात 'जोडीने' हा शब्द आला. एकदा चादरी आल्या, चांगल्या लांबरुंद, पण पहिल्याच धुण्यात अशा आटल्या की पेशंटचे पाय बाहेर. तेव्हापासून 'माप धुतल्यानंतरचे'. एकदा फ्रिज आला, दिसायला अगदी नवरदेव, पण थंड व्हायचं नाव नाही. तेव्हापासून 'चालवून दाखवल्यावरच पैसे'. लोक हसतात. हसेनात का! दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही फुंकर कागदावर लिहून ठेवते, एवढंच.

घरीही तेच. दिराने चपला आणल्या की हिचा पहिला प्रश्न, "चावल्या तर बदलून देणार का? विचारलंस?"

"बायको बदलून देतात का तेवढं विचारायचं राहिलं," दीर म्हणतो, आणि सासूबाई हसता हसता खोकायला लागतात.

अशा या बाईच्या हातून शब्द निसटला, आणि निसटला तो नेमका आमच्या जिवावर.

त्याचं असं झालं. आमचं धुलाईचं जुनं मशीन एकदाचं मेलं. साहेबांनी नवीन मागवलं, आणि तोवर दवाखान्याचे कपडे बाहेरच्या एका कंपनीकडे जाऊ लागले. त्यांची गाडी यायची, मळकी गाठोडी न्यायची, धुतलेली आणायची. साहेबांना ते फार सोयीचं वाटलं. एक दिवस ते स्वतः तळघरात उतरले.

"नवीन मशीन महिनाअखेर चालू झालं तर ठीक," ते म्हणाले. "नाहीतर ते परत करू आणि बाहेरच्यांशीच कायमचा करार करू."

"आणि आम्ही सहा जणी?" मी विचारलं.

"बघू."

'बघू' म्हणजे काय, ते नोकरी केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. आमच्या इस्त्रीवालीने तर तिथेच हातातली इस्त्री उभी केली आणि ती भिंतीकडे तोंड करून राहिली. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. घर तिच्या एकटीच्या पगारावर. मी तिला म्हटलं, "रडू नकोस, मशीन येतंय." पण आतून मीही हादरले होते.

मशीन आलं. आलं म्हणजे काय, ट्रकमधून क्रेनने अंगणात उतरलं आणि ताडपत्री पांघरून रुग्णवाहिकांच्या शेजारी बसलं. धुलाई विभाग तळघरात. उतार, मग काटकोनात वळण, मग दार. मी ड्रायव्हरला म्हटलं, "अरे, खाली कोण नेणार हे?"

"बाई, कागदावर 'दवाखान्यात जागेवर पोच' लिहिलंय. दवाखाना आहे, जागा आहे, पोच केलं." आणि गेला की निघून!

मी तरातरा जिना चढून खरेदी विभागात गेले. जाऊ कंत्राट हातात घेऊन बसली होती, चेहरा पांढराफटक.

"वहिनी, चुकलं," ती म्हणाली. "'जागेवर' म्हणजे कुठे, तेच लिहिलं नाही. आजवर खोकी यायची, खुर्च्या यायच्या, कोणी प्रश्न काढला नाही. मला वाटलं, कळतंच ना."

आता कळायला काय हवं? आमच्या घरी सासूबाई 'जागेवर ठेव' म्हणाल्या की झाडू कुठे ते शेंबड्या पोरालाही कळतं. पण घरातला शब्द कंत्राटात गेला की त्याला हातपाय फुटतात. मी म्हटलं, "सगळ्या जगाला अटी घालतेस आणि आमच्याच वेळी झोपलीस?" खूप बोलले. ती एका शब्दाने उलटून बोलली नाही, त्यामुळे मला आणखीनच संताप आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करता काय! दोन दिवस आम्ही घरात एकमेकींशी बोललो नाही. सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यात जिभा विसरून आलात का गं दोघी?"

तिसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. मीही गेले, कोणी बोलावलं नव्हतं तरी.

"पुरवठादाराला नोटीस पाठवू," साहेब म्हणाले.

"नोटिशीला उत्तर येईल, उत्तराला पुन्हा नोटीस," जाऊ म्हणाली. "तोवर महिना संपेल. आणि साहेब, शब्द ढिला आमचा आहे. माझा आहे. मला त्याच्याशी बोलू द्या."

साहेबांनी हात हलवला. बोला म्हणजे बोला, की जा म्हणजे जा, ते कळलं नाही. आम्ही बोलायचं धरलं.

पुरवठादार आला. गोल चेहऱ्याचा, घामाघूम, आणि भांडायच्याच तयारीने. "तुमचीच अट आहे ना, चालवून दाखवल्यावर पैसे? मग द्या इथे अंगणात वीज आणि पाणी, आत्ता चालवून दाखवतो!"

मी तोंड उघडलंच होतं, पण जावेने माझा हात दाबला.

"कागदावर बोट ठेवलं तर तुम्ही बरोबर आहात," ती म्हणाली. त्याने कपाळावरचा घाम पुसला. आयुष्यात त्याला कोणी खरेदीवाला असं म्हणाला नसावा. "पण मशीन उघड्यावर राहून बिघडलं, तर चालवून दाखवणं तुमच्याच गळ्यात येणार. तुम्हीही अडकलात, आम्हीही अडकलो. एकदा खाली येऊन जागा तरी बघा."

खाली आल्यावर त्याने वळण बघितलं, टेप लावून दार मोजलं आणि डोकं खाजवलं. इस्त्रीवालीने न सांगता त्याला चहा दिला. तो प्यायला आणि म्हणाला, "माझी माणसं आणि रोलर मी आणतो. पण दार चौकटीसकट तुम्ही काढायचं, आणि परत बसवायचंही तुम्हीच."

"मान्य," जाऊ म्हणाली आणि तिथेच धुलाईच्या टेबलावर लिहायला बसली. 'जागा म्हणजे वस्तू जिथे वापरली जाईल ती जागा.'

"आणि जागेवर पोचली, हे ठरवणार कोण?" तो म्हणाला. "उद्या तुमचे साहेब म्हणतील, चार बोटं डावीकडे पाहिजे होती."

जावेने माझ्याकडे बघितलं आणि पुढे लिहिलं, 'वस्तू वापरणारी व्यक्ती ठरवील.'

ही अट साहेबांच्या पुस्तकात नाही, पण आज दवाखान्यातला प्रत्येक करार तिच्यावर चालतो. आचारी म्हणेल तेव्हा शेगडी पोचली, स्ट्रेचरवाला म्हणेल तेव्हा स्ट्रेचर पोचला. परवा आचाऱ्याने शेगडी दोनदा हलवायला लावली. फार शेफारलाय तो.

तर मशीन न्यायच्या दिवशी सुताराने चौकट काढली, तिच्याबरोबर भिंतीचा थोडा गिलावाही आला. रोलरवरून मशीन इंचाइंचाने सरकत होतं. वळणावर अडकलं तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. पुरवठादार स्वतः खांदा लावून ढकलत होता, दीर अर्धी रजा टाकून येऊन ओरडत होता, "डावीकडे! अरे तुझं डावं नव्हे, माझं डावं!" जाऊ जिन्यावर पदर मुठीत धरून उभी होती. एकदाचं मशीन सुटलं, आत आलं, चौथऱ्यावर बसलं. नळ जोडले, वीज जोडली.

"झालं?" पुरवठादाराने मला विचारलं.

"थांबा," मी म्हटलं. मळक्या चादरी भरल्या, साबण घातला, बटण दाबलं. आम्ही सहा जणी मशीनच्या काचेत डोळे घालून उभ्या. पाणी भरलं, ढोल फिरला, थांबला, उलटा फिरला, आणि शेवटी असा घोंघावला की जमिनीतून पाय थरथरले. दार उघडून मी चादर ओढली. स्वच्छ, आणि नुसती दमट.

"पोचलं," मी म्हणाले.

जाऊ जिन्यातच मटकन बसली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी तिच्या तोंडावर बघितलं. तेवढ्यात साहेब उतरले, चादर हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली आणि फोन काढला. "उद्यापासून तुमची गाडी नको," एवढंच बोलले आणि फोन खिशात ठेवून वर गेले.

इस्त्रीवालीने माझी बाही धरली.

"ताई, म्हणजे उद्या यायचं ना?"

"यायचं म्हणजे!" मी खेकसले, आणि माझेच डोळे वाहायला लागले. "वेळेवर ये!"