रेंज गेल्यावरचं वाचन

लग्न होऊन भूमजवळच्या गावात आले तेव्हा पुण्यातली नोकरी सुटली. मग घरून काम देणाऱ्या एका कंपनीची परीक्षा द्यायचं ठरवलं. पायथन ही कोडिंगची भाषा येत होती, पण हात बसायला रोजचा अभ्यास हवा होता आणि तो दुपारीच जमायचा. नेमकी दुपारी लाइट जायची, आणि तिच्यामागोमाग मोबाइलचा टॉवरही झोपायचा.

माझं त्यानं काही अडत नव्हतं. पायथनची सगळी माहिती मी आधीच लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलेली. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की पानंच्या पानं समोर यायची. उलट रेंज नसली की वाचन जास्त व्हायचं, कारण दुसरं काही बघताच येत नसे.

पण सासूबाईंचा हिशोब वेगळा. त्यांना मी आत्या म्हणते. मोबाइलवरची त्यांची मालिका अडकली की नेट गेलं, आणि नेट गेलं म्हणजे सून मोकळी. लगेच तूर निवडायला हाक यायची. मी धुमसत खडे वेचायचे. खड्यांबरोबर चांगली तूरही फेकली जायची.

परीक्षा जवळ आली तेव्हा मात्र मी हाकेला उठले नाही. आत्या दारात आल्या.

"रेंज न्हाय, मग काय बघायलीस?"

ओठांवर उलट उत्तर आलं होतं. पण त्यांच्या मागं अंगणात सकाळीच भरलेली पिंपं, घागरी, अगदी कुकरसुद्धा दिसत होता. मी म्हणाले, "आत्या, नळ रोज येत नाही म्हणून आपण भरून ठेवतो ना? तसं हे मी भरून ठेवलंय. परीक्षेचं आहे."

त्या वाकून पडद्याकडे बघत राहिल्या. मग निवडायच्या तुरीनं भरलेलं सूप घेऊन ओसरीवर गेल्या. रागावल्या असं वाटून माझं वाचनात लक्ष लागेना.

तासाभरानं लाइट आली. ओसरीवरून मालिकेचा आवाज सुरू झाला आणि लगेच बंद पडला. आत्यांनी हाक मारली.

"रेंज आलीय. म्या माझा फोन बंद केलाय, तुला जोरात यील. भरून घे."

एक फोन बंद केल्यानं दुसरीकडे नेट जोरात येत नसतं हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. डोळे भरून आले होते.

नोकरी लागली. अजूनही मी कामाला बसले की आत्यांचा फोन बंद होतो, आणि अजूनही मी त्यांना ते सांगितलेलं नाही.