बाइंडरची धापाबाई

बाइंडर माणूस भला, पण भारी हट्टी. तीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवून शिवून त्याची पक्की समजूत झालेली, की खळ आणि कापडानं नीट होत नाही असं जगात काही नसतंच. बायको म्हणायची, हा उद्या मलाही पुठ्ठा चढवेल.

त्याच्याकडे एक अकॉर्डियन होतं. शेजारच्याच खोलीत राहणाऱ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, नर्सच्या पहिल्या पगारातून घेऊन दिलेलं. भाता ओढला की ते दम लागल्यासारखं धापा टाकायचं, म्हणून सगळी गल्ली त्याला धापाबाई म्हणे. सहा वर्षांपूर्वी भाता फाटला. अक्काला वाईट वाटेल म्हणून पठ्ठ्यानं तोंडाला कुलूप लावलं. धापाबाई कपाटावर गेली, आणि कोणी विचारलंच तर हल्ली वेळ मिळत नाही, हे उत्तर तयार.

आता अक्का निवृत्त व्हायला आली. निरोपाच्या कार्यक्रमात तू वाजव, म्हणाली. बाइंडरनं धापाबाई कपाटावरून खाली काढली. पण दुरुस्तीवाल्याकडे जाईल तर तो बाइंडर कसला! त्यानं भात्याच्या प्रत्येक घडीला खळ लावली, उत्तम कापड चढवलं आणि हाताच्या सवयीनं सगळं पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात दोन दिवस आवळून ठेवलं. काम असं देखणं उतरलं की बायकोनंही मान डोलावली. ओढून बघायचं मात्र त्याला सुचलं नाही. पुस्तक कधी कोणी ओढून बघतं का?

कार्यक्रमात डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय सगळे कान टवकारून बसलेले. बाइंडरनं पट्टे खांद्यावर घेतले आणि भाता ओढला. ढिम्म! घड्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. पुन्हा ओढला, घाम फुटला. तिसऱ्यांदा टर्रकन आवाज झाला, धापाबाईनं एक हुंदका दिला आणि ती गप्प झाली. गाणं संपलं असं समजून मागच्या रांगेत कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तसाच अक्कापाशी गेला.

"भाता सहा वर्षांपूर्वीच फाटलाय गं. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

"आपल्यामध्ये एवढीशी भिंत, आणि मला कळणार नाही होय रे?" अक्का म्हणाली. "पहाटे चारला उठायचं असायचं मला. सहा वर्षं छान झोप लागली, म्हणून मीही गप्प बसले."

"मग आज वाजवायला कशाला सांगितलंस?"

अक्कानं त्याच्या खांद्यावरचा पट्टा हलकेच उतरवला.

"उद्यापासून ड्यूटी नाही. घर खायला उठेल मला. तू ते दुरुस्तीवाल्याकडे टाक, आणि रोज वाजव."