चार चाकांची कोल्हापुरी

खोबरेल तेल थंडीत गोठतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या बाथरूममधली तेलाची बाटली थँक्सगिव्हिंगपासून जवळजवळ पाडव्यापर्यंत हीटरच्या झरोक्याशी उभी असते. ती तिथे का असते असं कुणी विचारलं, तर मी नीट समजावूनही सांगेन. तरीसुद्धा ऐन जानेवारीत, मिशिगनमध्ये, लेकीच्या शर्यतीच्या गाडीच्या चारही चाकांना मी खोबरेल तेल लावलं. आणि सकाळच्या गडबडीत विसरायला नको म्हणून ती गाडी आदल्या संध्याकाळीच मोटारीच्या डिकीत नेऊन ठेवली.

गाडी म्हणजे हातभरसुद्धा नाही, वीतभर. लेक तिसरीत आहे आणि स्काउटमध्ये जाते. त्यांच्याकडे दर हिवाळ्यात पाइनवुड डर्बी असते. प्रत्येक मुलाला एक खोकं मिळतं. त्यात पाइनचा एक ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाकं आणि आस म्हणून चार खिळे. त्याची गाडी करायची, लाकडी उतारावरून सोडायची आणि देवाचं नाव घ्यायचं. इंजिन नाही, बॅटरी नाही. आईबापांनी फक्त मदत करायची, असा नियम आहे. पण आमचं गाव ट्रॉय. इथे निम्मे बाप मोटारींच्या धंद्यात. त्यामुळे शर्यतीच्या दिवशी काही गाड्या अशा येतात की त्यांना वाऱ्याच्या बोगद्यात घालून आणलंय की काय, अशी शंका यावी.

मीही त्याच धंद्यातला. फक्त माझं पोट ब्रेकवर चालतं. गाड्या थांबवणं हे माझं काम.

मागच्या वर्षी आमची गाडी उतार संपून सपाटी सुरू होते तिथवर आली आणि थांबली. बाकीच्या तिघी केव्हाच पलीकडे पोचल्या होत्या. आमची एकटी मधोमध उभी, सिग्नल लागल्यासारखी. मग सगळ्या जिमने टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, "गुड ट्राय, स्वीटी" असंही कुणी म्हणालं. लेक गाडी उचलून परत आली आणि घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

"बाबांचंच डिझाइन आहे ते," बायको तिला हसवायला म्हणाली. "ते काहीही थांबवून दाखवतात."

लेक हसली नाही. "आय डोन्ट वॉन्ट दॅट क्लॅपिंग अगेन," एवढंच म्हणाली.

त्यामुळे यंदा जिंकायचं वगैरे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात नव्हतं. गाडी शेवटच्या रेघेपलीकडे गेली पाहिजे आणि त्या टाळ्या पडता कामा नयेत, बास.

आकार तिनेच ठरवला. मी कागदावर तीन-चार जातिवंत रेसिंग कार काढून दाखवल्या. तिने त्या शांतपणे बाजूला सारल्या आणि दाराजवळची माझी कोल्हापुरी चप्पल आणून टेबलावर ठेवली.

"अगं, टेबलावर चप्पल!" आतून बायको.

"आई, इट्स अ मॉडेल."

मी म्हटलं, चपलेची काय गाडी करायची. पण बघत गेलो तसं पटत गेलं. पुढून चपटी, मागे टाच जाड. वजन मागे ठेवलं की गाडी उतारावर जास्त जोर धरते, आणि इथे टाचेत वजन भरायला जागा आयतीच. माझ्या सगळ्या रेसिंग कारपेक्षा चप्पल हुशार निघाली.

मग तळघरात काम सुरू झालं. ठोकळ्यावर तिने आकार काढला, करवत मी चालवली, पॉलिश पेपर तिने घासला. अंगठ्याच्या जागी माझी करवत जरा आत गेली, तर ती म्हणाली, "बाबा, इट्स ओके, झिजलेली वाटेल." टाचेला खालून भोक पाडून वजनाचे तुकडे बसवले. ते मापायला दिवाळीत भाजणीसाठी घेतलेला स्वयंपाकघरातला काटा घेतला. नेमून दिलेल्या वजनाच्या अगदी काठावर आणून ठेवलं. जुन्या चपलेच्या पट्ट्याची कातडी चिरून तिने वर वेणी घातली आणि लाल लोकरीचा इवलासा गोंडा चिकटवला. लाकडाला चहाच्या पाण्याचा रंग दिला. गाडी इतकी देखणी झाली, की शेजारी दुसऱ्या पायाची करावी असं वाटायला लागलं.

राहता राहिली चाकं. ती बोटाने फिरवली की कुरकुरायची. आता खऱ्या कोल्हापुरीचं कुरकुरणं म्हणजे तिचा रुबाब, पण चाकांचं काय? नियमांचा कागद माझ्याकडे होता. त्यातलं वजनाबद्दलचं मी दोनदा वाचलं होतं. वंगणाबद्दलचं त्याच्या मागच्या बाजूला होतं. मी काही कागद उलटला नाही. आमच्या लहानपणी जे कुरकुरेल त्याला खोबरेल लावत. दाराची बिजागरी, सायकल, आणि रविवारी मी. तेल लावल्यावर चाकं अशी गुळगुळीत फिरली, की मी बायकोला वर जाऊन बोलावून आणलं. तिने नाक वर करून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून परत गेली. ती शिट्टी झाली नसती तर पुढचं टळलं असतं.

शनिवारी सकाळी शाळेच्या जिममध्ये तपासणीच्या रांगेत उभे राहिलो. लेकीने खोक्यातून गाडी काढली आणि सहज चाकावर बोट फिरवलं. चाक हललं नाही. दुसरं फिरवलं. तेही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मागच्या वर्षीच्या खिडकीतला होता.

"बाबा. इट्स स्टक."

मी चाक जोरात फिरवलं. ते जरासं सरकलं आणि खिळ्याजवळ पांढरी साय दिसली. त्या क्षणी मला बाथरूममधली बाटली दिसली, झरोक्याशी उभी.

बायकोने गाडी माझ्या हातातून घेऊन नाकाशी धरली. "तू ही रात्रभर डिकीत ठेवलीस?"

"विसरायला नको म्हणून."

एकदा तपासणी झाली की गाडीला हात लावता येत नाही, आणि आमच्यापुढे आता मोजकीच मुलं होती. बायकोने लेकीचा हात धरला आणि दोघी तडक बायकांच्या रेस्टरूममध्ये घुसल्या. मी बाहेर. आतून हात वाळवायच्या मशीनचा आवाज येऊ लागला. तो थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा थांबायचा. एक बाई बाहेर येताना हसत मला म्हणाल्या, "आत कुणीतरी बूट वाळवतंय." मी मान डोलावली.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि बायकोचा हात बाहेर आला. "पेन्सिल."

मी जिमभर पेन्सिल शोधत फिरलो. ब्रेकच्या इंजिनिअरच्या खिशात दोन पेनं होती, पेन्सिल एक नाही. शेवटी गुण लिहिणाऱ्या बाईंकडून मागून आणली. तोवर त्या दोघींनी खिळे उपसून, तेल वितळवून, टिश्यूने चाकांची भोकं आतून बाहेरून पुसून काढली होती. तेल चालत नाही, कोरडं ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसंच लागतं, हे लेकीला माहीत होतं. तिने कागद उलटून वाचला होता. मला का सांगितलं नाहीस, असं नंतर विचारलं तर म्हणाली, "आय थॉट यू न्यू. यू आर द इंजिनिअर." तिने खिळ्यांवर पेन्सिल घासली, घासून घासून खिळे काळे चकचकीत केले आणि एकेक करून परत बसवले.

तपासणीच्या टेबलावर एक उंच, शांत गृहस्थ होते. त्यांनी गाडी काट्यावर ठेवली, मान डोलावली. मग वाकून वास घेतला.

"समुद्रकिनाऱ्याचा वास येतोय," ते इंग्रजीत म्हणाले.

मी काहीतरी जुळवायला तोंड उघडलं, तेवढ्यात लेक म्हणाली, "ऑइल होतं. बाबांनी लावलं होतं. आम्ही सगळं पुसलं." तेही तिच्या इंग्रजीत, एका दमात. गृहस्थांनी पांढरा कागद चाकामागे फिरवला. तो कोरडा निघाला. त्यांनी चाकाला टिचकी मारली. चाक फिरत राहिलं, फिरतच राहिलं.

आमची पाळी आली तेव्हा मी उतारावरून नजर काढून सपाटी सुरू होते त्या जागेवर लावली. गाड्या सुटल्या. ती जागा माझ्यासमोर होती आणि तिच्यावरून एक लाल गोंडा भुर्रकन निघून गेला. मला तेवढंच दिसलं. दुसरा नंबर. पुढच्या फेरीतही दुसरा, मग तिसरा. बक्षिसाच्या आसपासही नाही. देखण्या गाडीचं बक्षीस एका पिझ्झाच्या तुकड्याला गेलं, आणि हे मला अजून पचलेलं नाही. "बाबा, पिझ्झा इज पिझ्झा," लेकीने माझी समजूत घातली.

पण पहिल्या फेरीनंतर ती गाडी छातीशी धरून आमच्याकडे धावत आली होती. सगळी जिम आपापल्या मुलांच्या नावाने ओरडत होती, तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

"नोबडी क्लॅप्ड!" तिचे डोळे चमकत होते. "आई, कुणीच टाळ्या नाही वाजवल्या!"

मी तिथल्या बाकावर बसून घेतलं आणि थंडगार कॉफी अमृतासारखी प्यायलो.

संध्याकाळी बायको जमिनीवर बसून लेकीच्या डोक्याला तेल लावत होती. झरोक्याशेजारची बाटली, कोमट, पातळ. चार चाकांची कोल्हापुरी टीव्हीखाली ठेवली होती, तिचा वास अजून तोच. लेकीची वेणी झाली, ती उठून गेली. मीही उठायला लागलो, तर बायकोने तळहातावर तेल ओतलं आणि समोरची जागा दाखवली.

"बस इथे," ती म्हणाली. "चाकं अडकलीत ती तुझ्या डोक्यातली. तिथे लावायचं तेल गाडीला लावत बसलास."