टपातली डहाळी

माझे बाबा तिवस्याजवळ भाजीचा मळा करतात आणि मी पुण्याच्या प्रयोगशाळेत अतिथंड वायूंवर संशोधन करते. अकोल्याची आत्या दर फोनला विचारायची, "पोरगी काय करून राह्यली?" बाबा चटकन फोन आईकडे द्यायचे. आई म्हणायची, "शिकून राह्यली." तिशी उलटली तरी शिकूनच! मला राग यायचा, अन् खरं सांगू, त्याहून जास्त वाईट वाटायचं. माझं काम बाबांना एकदा तरी कळावं, एवढंच मागणं होतं.

म्हणून तिवस्याच्या कॉलेजात मला भाषणाला बोलावलं, तेव्हा बाबांना पहिल्या रांगेत बसवलं. स्टेजवर चाकांच्या टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा टप. मी टेबल हलवलं अन् म्हणाले, "आमचा वायू असाच हेलकावे खातो. लेझरच्या उजेडात धरून ठेवलेला, बर्फाहून कितीतरी थंड, इवलासा ढग. धक्का दिला की सगळे अणू मिळून डोलतात. आता बघा, हे पाणी किती वेळ..."

पाणी सांडायला लागलं आणि बाबांना ते बघवेना. आमच्याकडे बैलबंडीवरून पाण्याचा ड्रम नेताना वर निंबाची डहाळी टाकतात, म्हणजे पाणी हिंदकळत नाही. बाबा उठले, दारातल्या निंबाची डहाळी मोडून आणली, स्टेजवर चढले अन् टपात टाकली. पाणी गप्प. पोरं हसून हसून लोटपोट.

"बाबा! माहा प्रयोग होता ना थो!"

"पाणी सांडून राह्यलं होतं न वं!"

डोकंच सटकलं माझं. मग टपाकडे पाहिलं आणि मलाच हसू फुटलं. अरे, हेच तर करतो आम्ही!

"बरं केलं, बाबा. आम्हीपण त्या ढगात उजेडाची डहाळी घालतो. साधा वायू तिला अडखळून थांबतो. पण पुरेसा थंड झाला की तो अतिप्रवाही होतो, घर्षणच उरत नाही. मग डहाळी असली तरी डोलतच राहतो."

बाबा अजून स्टेजवरच. "डहाळी टाकूनबी थांबत नाई? काहून?"

"सगळे अणू एका जिवानं चालतात ना. एकटा कोणी अडखळतच नाही."

"अन् जोरात हालवलं तं?"

"मग मात्र अडखळतो. किती जोरात, तेच तर मी शोधून राह्यली!"

बाबा मान हलवत खाली गेले. डहाळी टपातच राहिली.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. तोच प्रश्न. सवयीनं आईनं हात पुढे केला. बाबा फोन कानाला लावून ओट्यावर जाऊन बसले.

"आपली पोरगी न, असा वायू बनवते का त्याच्यात डहाळी टाकली तरी थो डोलाचा थांबत नाई. समदे अणू एका जिवानं! पण हळू डोलला तरच बरं."

तिकडून आत्यानं काहीतरी विचारलं असावं.

"उपेग? थांब वं, आधी पुरं आयकून तं घे!"

आईचा हात अजून पुढेच होता. बाबांनी तिला हातानंच थांब म्हणून सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून, टपापासून, सांगायला लागले.