टायगर मॉथसाठी आणलेलं लिंबू

माझ्या आत्याला, सुंदराक्काला, विमानांचं वेड होतं. तेही फक्त महायुद्धाच्या काळातल्या विमानांचं. मल्लेश्वरमच्या घरी तिने देवांशेजारीच स्पिटफायरचं चित्र लावलं होतं. नव्या जेटना ती 'नुसता आरडाओरडा' म्हणायची.

अठ्ठ्याण्णव साली येलहंक्याच्या विमान-प्रदर्शनात एक जुनं टायगर मॉथ विमान बऱ्याच वर्षांनी उडणार होतं. नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतात, तसं त्याच्यासाठी लिंबू पदराला बांधून अक्का निघाली. माझ्या कोऱ्या स्कूटरवर मागे बसून वाटभर तिचं 'स्वल्प हळू' चाललं होतं. या स्कूटरची पूजा मी केली नव्हती, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही म्हणून.

पहारेकऱ्याने तिला विमानाजवळ जाऊच दिलं नाही. मी भडकलो. अक्का त्याला शांतपणे "सरी", म्हणजे 'बरं', म्हणाली आणि कठड्याशी उभी राहिली.

कुणीतरी हाताने पुढचा पंखा फिरवला. विमान फटफटलं, डुलत वर चढलं आणि दोन गिरक्या घेऊन अलगद उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"त्याला कशाला हवंय लिंबू," अक्का म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने पदराची गाठ सोडली, आणि लिंबू माझ्या स्कूटरच्या चाकाखाली ठेवलं.

"हिचा मात्र भरवसा नाही."