फळीबाई

आमच्या फळीबाई दुकानात शिरल्या की आधी गुडघे वाकवायच्या. बाई ताडमाड उंच, आणि आमच्या गावच्या गिऱ्हाईक बायका त्यांच्या खांद्यापर्यंत. तेवढं खाली होऊन, गिऱ्हाइकाच्या नजरेने त्या माझ्या फळ्या न्याहाळायच्या. बघणाऱ्याला वाटे, कमरेत उसण भरलीय.

बाई राहायच्या आमच्याच गावात, मसुऱ्यात; कॉलेजात वाणिज्य शिकवायच्या. दुकानात कुठला माल कुठल्या फळीवर नि किती मांडावा, यावर त्यांनी जाडजूड प्रबंध लिहिला होता. एक दिवस येऊन म्हणाल्या, "वैनी, तो कपाटात ठेवन काय करूचा? माका खरा दुकान होया." मलाही कोणीतरी हवंच होतं. रस्त्याला मोठं सुपरमार्केट झालं आणि माझं किराणा दुकान ओस पडलं. आमचे हे गेल्यापासून तेवढाच आधार. मुंबईचा लेक फोनवर एकच सांगे, "आये, बंद कर ता दुकान."

"दिसात ता खपात," जे दिसेल तेच खपेल, हे बाईंचं पालुपद. बिस्किटं, फरसाण नजरेसमोर आलं. लोक नाव घेऊन मागतात तो माल खाली गेला. मी कसली गप्प बसते! "कोकमाचं आगळ हलवलंत तर लोक समजतील, संपलं," म्हटलं. आगळ जागेवर राहिलं. हळूहळू विक्री वाढली, हे मात्र खरं.

चतुर्थीच्या तोंडावर मी माल आणायला कुडाळला गेले, आणि घोळ झाला. कापूर, वाती, अगरबत्ती कुठेही ठेवली तरी लोक मागून नेणारच, म्हणून बाईंनी ती सगळ्यात खालच्या फळीवर मांडली. परतते तर शेजारच्या काकी रिकाम्या हाताने बाहेर! "देवाचा सामान पायांकडे? आणि बाजूक सुकट! माका नको तो कापूर!" गावात बातमी पसरायला कितीसा वेळ? चतुर्थी हातची गेली तर दुकानाला टाळंच.

माझं डोकं फिरलं. "बाई, तुमचं शास्त्र ठेवा तुमच्या घरी!" सुकटाशेजारची पाकिटं बाईंनी स्वतः विकत घेतली, नवा माल सगळ्यात वर चढवला आणि काकींच्या घरी जाऊन चूक कबूल केली. पुढे वर्गातही ही चूक आपली म्हणूनच सांगायच्या.

"एवढ्या वर माझा हात पोचायचा नाही," मी फुरंगटून म्हणाले.

"मी आसंय मा! काढून देतंय."

आणि खरंच, चतुर्थीपर्यंत रोज कॉलेज सुटल्यावर येऊन त्या कापूर काढून देत. काकीसुद्धा आल्या. दुकान तरलं. पुढेही संध्याकाळी बाईंची चक्कर चुकली नाही.

गेल्या वर्षी आजाराचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. निरोप आला तेव्हा मी दुकानातच होते. त्यांच्या घरी न्यायला कापूर हवा, म्हणून वरच्या फळीकडे हात केला. पोचला नाही. सवयीने हाक मारली, "बाई, जरा काढा हो," आणि तिथेच रडू फुटलं.